चार तासांचा फेरफार

कोणत्याही वेब ॲप्लिकेशनच्या पोटात पाच ओळींची एक छोटी फाइल असते. डेटाबेस कोणत्या मशीनवर आहे त्याचा पत्ता, कोणत्या पोर्टवर दार ठोठवायचं तो आकडा, डेटाबेसचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड. एवढं जुळलं की ॲप्लिकेशन आणि डेटाबेस जोडले जातात. यूट्यूबवर हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. कोर्स केलेल्या कुणालाही हे येतं, आणि इतकं सहज येतं की त्यावर कुणी थांबून विचार करत नाही.

मला यातल्या चौथ्या ओळीबद्दल बोलायचंय. युजरनेमबद्दल.

डेटाबेस दारातच विचारतो, ‘कोण?’ बहुतेक ठिकाणी उत्तर जातं, ‘ॲप’. स्क्रीनसमोर मालक बसलेला असो, मॅनेजर असो, टाइम ऑफिसातला क्लार्क असो की ठेकेदाराचा भाचा, डेटाबेसला त्यांच्यातलं कुणीही दिसत नाही. त्याला एकच पाहुणा दिसतो, चोवीस तास येणारा-जाणारा. बऱ्याचदा या पाहुण्याला प्रत्येक तक्ता वाचायची, बदलायची आणि पुसायचीही मुभा असते. केलेलं काम आत पोचतं, करणारा उंबऱ्याबाहेर राहतो.

एखाद्याच्या पोटापाण्याची नोंद बदलली गेली आणि ती कुणी बदलली हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर ती कृती कुणाची? ‘सिस्टीमनं केलं’ असं आपण बँकेत, रेशन दुकानात, कॉलेजच्या ऑफिसात रोज ऐकतो. ऐकून परत फिरतो. हे उत्तर मानायचं का, असा माझा प्रश्न आहे.

*

मी लहान-मध्यम कारखान्यांची हजेरीची, पगाराची, वजनकाट्याची सॉफ्टवेअरं सांभाळते. त्यामुळे जालना एमआयडीसीत माझं जाणं-येणं असतं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे. आज त्या पाळण्यात लोखंड जास्त आहे. देशभरातून भंगाराचे ट्रक येतात, काट्यावर चढतात, उतरतात. भंगार इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट पडतात, बिलेट रोलिंग मिलमधून लांब होत होत सळई बनतात. टीएमटी सळई लालभडक असतानाच तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात. बाहेरचा थर कडक होतो, गाभा लवचीक राहतो. घरासाठी स्लॅब टाकलेल्या माणसाला जालन्याच्या सळईचं नाव सांगावं लागत नाही.

या सगळ्या प्रवासात लोखंडाच्या मागे कागद चालतो. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या मालाला ‘हीट’ म्हणतात आणि प्रत्येक हीटला नंबर असतो. सळईच्या टेस्ट सर्टिफिकेटवर तो नंबर असतो. उद्या कुठे सळई तुटली, तर नंबर धरून मागे जाता येतं: कोणती भट्टी, कोणता दिवस, रासायनिक तपासणीत काय निघालं होतं.

जालन्याची दुसरी ओळख बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या पिशवीवरही लॉट नंबर असतो. पेरलं आणि उगवलं नाही, तर शेतकरी रिकामी पिशवी आणि पावती घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे जातो. त्या नंबरावरून बियाणं कुठलं होतं हे काढता येतं. म्हणून पिशवी जपून ठेवा, असं आपल्याकडे वडीलधारे सांगतात.

म्हणजे या गावात लोखंडाला वंशावळ आहे, बियाण्याला वंशावळ आहे. मग माणसाच्या कामाच्या तासांचं काय?

*

एका रोलिंग मिलमध्ये मला एक गोष्ट शोधायला बोलावलं होतं. सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं, बनवणारा केव्हाच पुण्याला निघून गेलेला. वाद एका कामगाराच्या एका दिवसाचा होता. बदनापूर तालुक्यातला माणूस, चाळिशीचा, ठेकेदाराकडून लागलेला. त्याचं म्हणणं होतं, ‘चौदा तारखेला मी बारा तास होतो. पगारात आठच आले.’ चार तासांचा ओव्हरटाइम गेला होता. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यायचा हा नियम कारखाने अधिनियमात १९४८ पासून लिहिलेला होता, त्या हिशेबानं सहाशेच्या आसपास रुपये. पोराच्या शाळेच्या रिक्षाचे महिन्याचे पैसे.

त्याच्याकडे पुरावा होता. घरी भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये दुधाच्या हिशेबाशेजारी त्यानं रोजचे तास लिहिले होते आणि त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये होता. चौदाच्या चौकटीत ‘१२’.

मी आधी अंगठ्याच्या मशीनची मूळ फाइल काढली. सकाळी सात अठ्ठावन्नला आत, रात्री आठ अकराला बाहेर. कालनिर्णय बरोबर होतं. मग हजेरीचा तक्ता पाहिला: आठ तास, ओव्हरटाइम शून्य. त्या रांगेत शेवटचा बदल झाल्याची वेळ पुढच्या महिन्याच्या दोन तारखेची होती, रात्री अकरा चाळीस. म्हणजे आधी काहीतरी होतं आणि ते बदललं गेलं. कुणी बदललं? तसा रकानाच तक्त्यात नव्हता. डेटाबेसच्या लॉगमध्ये युजर होता, अर्थातच, ‘ॲप’. ॲप्लिकेशनमध्ये लॉगिन होतं. पण टाइम ऑफिसातले पाचही जण एकाच ‘ॲडमिन’ नावानं आत शिरत आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता.

टाइम ऑफिस म्हणालं, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल. ठेकेदार म्हणाला, आम्ही फक्त माणसं देतो, हजेरी कंपनीची. मॅनेजर म्हणाले, ठेकेदार जे बिल देतो तेच आम्ही पास करतो. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. आणि तो माणूस सगळ्यांचं ऐकून घेऊन मला म्हणाला, ‘ताई, मंग मी भांडू कोनासंगं?’

*

त्या मिलमधला क्लार्क लबाड होता, म्हणून सगळे एका नावानं आत जात होते, असं नाही. यामागे साधं इंजिनिअरिंग आहे.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकानं १९७० साली मांडली. माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची, तक्ते एकमेकांशी किल्ल्यांनी जोडायचे आणि आत माहिती कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू द्यायची नाही, हा त्याचा आग्रह होता. आज आपण पगार, रेल्वेचं तिकीट, परीक्षेचा निकाल पाहतो तेव्हा आतल्या रचनेचा विचारही करत नाही, त्याचं श्रेय या कल्पनेला आहे.

नंतर वेब आलं. हजारो लोक एकाच वेळी ब्राउझरमधून येऊ लागले. डेटाबेसशी प्रत्येकाचं वेगळं कनेक्शन उघडणं महाग पडतं. पोस्टग्रेससारखा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रोसेस चालवतो आणि सुरुवातीची मर्यादा शंभर कनेक्शनांची असते. म्हणून युक्ती निघाली: दहा-वीस कनेक्शनं आधीच उघडून ठेवायची, सगळी एका नावानं, आणि ज्याची विनंती येईल त्याला तेवढ्यापुरतं एक द्यायचं. याला कनेक्शन पूल म्हणतात. लग्नातल्या पंगतीला वाढप्यांनी एकाच रंगाचे सदरे घालावेत, तसं. यजमानाला वाढलं जातंय हे दिसतं, कोण वाढतंय हे दिसत नाही. आणि जेवणारे हजार असतील तर हीच सोय बरी.

वापरणाऱ्याला डेटाबेसची आतली रचना माहीत असायची गरज उरली नाही. आता डेटाबेसलाही वापरणारा कोण हे माहीत असायची गरज उरली नाही. पहिली सोय कुणीतरी विचारपूर्वक मागितली होती. दुसरी वेगाच्या मागोमाग आपसूक आली, आणि तिची किंमत कोण मोजणार हे कुणी विचारलं नाही.

*

कॉडचा निबंध आला त्याच १९७० साली हॅना आरेंट यांचं हिंसेवरचं छोटं पुस्तक आलं. त्यात त्या नोकरशाहीला ‘कुणाचंच राज्य नसलेलं राज्य’ अशा अर्थानं ओळखतात आणि म्हणतात की, अशा व्यवस्थेत ज्याच्याशी वाद घालावा, ज्याच्यापुढे तक्रार मांडावी, असं कुणी शिल्लकच राहत नाही. बदनापूरच्या माणसानं आरेंट वाचलेल्या नाहीत. पण त्याचा प्रश्न तोच होता, आणि त्यांच्यापेक्षा कमी शब्दांत होता.

भांडण ही आपण वाईट गोष्ट समजतो. पण भांडायला समोर माणूस लागतो आणि त्या माणसानं उत्तर देणं लागतो हे मानावं लागतं. मराठीत जबाबदार माणसाला ‘उत्तरदायी’ म्हणतात, उत्तर देणं लागणारा. जबाबदारीतही ‘जबाब’ आहेच. उत्तर देणारा सापडत नसेल, तर जबाबदारी हा शब्द अडगळीत जातो.

मॅनेजरांनी दुसऱ्या दिवशी तोडगा काढला. अंगठ्याच्या मशीनप्रमाणे पैसे देऊन टाका. मला म्हणाले, ‘मॅडम, सहाशे रुपयांसाठी नाव शोधत बसण्यात काय अर्थ आहे?’ पैसे मिळाले. माणूस व्यवहारी आहे, त्यानं ते घेतले. वर मला फोन करून सांगितलं, ‘पैसे भेटले ताई. पन कापले कोनं, ते नाही कळलं.’

इथे दोन मतं होऊ शकतात. एक मत मॅनेजरांचं: नुकसान भरून निघालं, न्याय झाला. मला ते पटत नाही, आणि कारण भावनिक नाही. चूक कुणाचीच नसली, तर दुरुस्ती ही मेहरबानी होते. ‘साहेबांनी मिटवून टाकलं’ असं त्याचं वर्णन होतं. ज्याचे तास होते तो हक्कदार राहत नाही, अर्जदार होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा कापले, तर त्याला पुन्हा कालनिर्णय घेऊन यावं लागेल. आणि जो कालनिर्णयवर लिहीत नाही त्याचं काय? त्या तक्त्यात त्या रात्री अकरा ते बारा या वेळेत बदललेल्या रांगा एकापेक्षा जास्त होत्या. बाकीच्यांपैकी कुणी तक्रार केलेली नव्हती.

*

‘पूर्वीची वही बरी होती’ असं म्हणायचा मोह इथे होतो. तो आवरायला हवा. वहीचा इतिहास आपल्याला माहीत आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहिता न येणाऱ्या कुणब्याची लिहिता येणाऱ्यांकडून कशी लूट होते हे मांडलं. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामं निघाली, मराठवाड्यात खडी फोडून लोक जगले; आणि हजेरीपटावर न आलेल्यांची नावं, आलेल्यांचे कमी दिवस, या गोष्टीही त्याच सोबत आल्या. वही खोटं बोलायची.

पण ती कुणाच्या तरी अक्षरात खोटं बोलायची. मुकादमाचा ‘आठ’ ओळखू यायचा. खाडाखोड दिसायची, शाई वेगळी दिसायची, अंगठ्याचा ठसा दुसऱ्याचा आहे हे उजेडात धरलं की कळायचं. राजस्थानात १९९०च्या दशकात मजदूर किसान शक्ती संघटनेनं गावागावांत जनसुनावण्या घेतल्या, तेव्हा लोकांसमोर हजेरीपट मोठ्यानं वाचले जायचे. मेलेल्या माणसाचं नाव वाचलं की गाव हसायचं आणि मग कुणीतरी विचारायचं, हे लिहिलं कुणी? सही करणारा बहुतेक वेळा तिथंच कुठेतरी असायचा. माहितीच्या अधिकाराचा २००५चा कायदा ज्या चळवळींतून आला, त्यांच्या मुळाशी असली वाचनं आहेत.

डेटाबेसमधला ‘आठ’ कुणाच्याच अक्षरात नसतो. बाराच्या जागी आठ आला की बारा होता याची खूणही तक्त्यात राहत नाही. नवी रांग जुनीइतकीच स्वच्छ दिसते. आणि आपण स्वच्छ अक्षरावर जास्त विश्वास ठेवतो. छापलेली स्लिप पाहून गरीब माणूस आधी स्वतःच्याच आठवणीवर शंका घेतो.

*

कुणी म्हणेल, अहो, सगळीकडे पाळत वाढलीय आणि तुम्ही अजून नावं नोंदवायला सांगताय? हा आक्षेप महत्त्वाचा आहे. पण पाळत कुणावर वाढलीय ते पाहा.

त्या मिलच्या गेटवर कामगाराचा अंगठा घेतला जातो. काही ठिकाणी चेहरा. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवरून हजेरी सक्तीची झाली. मजुरांचे दिवसातून दोनदा, जागेच्या नोंदीसह फोटो. ऊन असो, नेटवर्क नसो, चेहरा दाखवायलाच हवा. ज्याची नोंद होते त्याचं शरीर पुरावा म्हणून मागितलं जातं. आणि जो नोंद बदलतो त्याला फक्त एक भूमिका पुरते: ‘ॲडमिन’. खालच्याला चेहरा, वरच्याला मुखवटा.

म्हणून माझी मागणी जास्त पाळतीची नाही. अंगठा देऊन आत येणाऱ्याला जितकं उघडं व्हावं लागतं, निदान तितकं त्याचे तास बदलणाऱ्यानं उघडं व्हावं. दोघांत कमी-जास्त करायचंच असेल तर सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्याकडून जास्त मागावं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कदाचित कुणा माणसानं ते चार तास कापलेच नसतील. महिनाअखेरीला चालणारा एखादा नियम असेल: सुपरवायझरची मंजुरी नसेल तर ओव्हरटाइम शून्य कर. मग दोष कुणाला? पण नियमही आकाशातून पडत नाही. तो कुणीतरी मागितला, कुणीतरी लिहिला, कुणीतरी ‘चालू करा’ म्हणालं. नियमानं बदल केला असेल तर नोंदीत त्या नियमाचं नाव असावं आणि नियमाच्या नोंदीत तो मंजूर करणाऱ्याचं. माणूस एक पायरी मागे गेला, नाहीसा झाला नाही.

*

मग प्रत्येक तक्त्यात ‘बदलणारा’ असा एक रकाना टाकला की झालं? ब्रिटनच्या पोस्टातलं प्रकरण त्याबद्दल सावध करतं.

तिथे १९९९पासून फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली गावोगावच्या पोस्टांत बसवली गेली. हिशेबात तुटी दिसू लागल्या. पोस्ट चालवणारे लोक म्हणत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत. पण नोंद त्यांच्या शाखेची, त्यांच्या नावाची. ९००हून अधिक जणांना चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर गेलं, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष होते, आणि कंपनीची माणसं दूर बसून शाखेच्या हिशेबात शाखेला न कळता हात घालू शकत होती, हे २०१९च्या न्यायालयीन निकालात स्पष्ट झालं. अखेर २०२४ साली तिथल्या संसदेनं कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या.

जालन्यात कृती होती आणि नाव नव्हतं. तिथे नाव होतं आणि हात दुसऱ्याचा असू शकत होता. दोन्हीकडे मूळ एकच: डेटाबेसच्या दारात ‘कोण?’ या प्रश्नाला दिलेलं उत्तर खरं आहे का, याची खातरजमा करायची सोय ज्याच्यावर आळ येतो त्याच्या हाती नव्हती. त्यामुळे नाव लिहिणं पुरेसं नाही. ज्याचं नाव लिहिलं गेलं त्याला ते दिसलं पाहिजे आणि ‘हे मी केलेलं नाही’ असं म्हणायची वाट पाहिजे.

*

आता गंमत अशी की, याचं उत्तर आपल्याकडे प्रत्येक गावात आहे. सातबाऱ्यात.

जमिनीची नोंद बदलायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे तलाठ्याला आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घ्यावी लागते: काय बदल, कशामुळे. खरेदीखत, वारस, वाटणी, काय ते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते. हरकत आली तर ती तक्रारीच्या नोंदवहीत जाते. मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे सातबाऱ्यावर बदल उतरतो, शेजारी फेरफार क्रमांकासह. आणि जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. आजोबांचं नाव कंसात का होईना, वाचता येतं.

ही व्यवस्था भ्रष्ट होत नाही असं म्हणण्याइतकी भोळी मी नाही. ‘नोंदीत फेरफार केला’ म्हणजे लबाडी केली, हा अर्थ भाषेत उगाच आला नाही. पण एकाच शब्दात रोग आणि औषध दोन्ही आहेत. गुपचूप बदल हा फेरफार, आणि क्रमांक, कारण, नोटीस, सही यांसकट केलेला बदल हाही फेरफार. जमिनीच्या भांडणात माणूस निदान विचारू शकतो: फेरफार नंबर दाखवा.

जमिनीला जे मिळतं ते माणसाच्या तासांना का मिळू नये? ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याच्याकडे विकायला तासच असतात. त्याचा सातबारा म्हणजे हजेरी.

आणि हे तंत्रात बसवणं कठीण नाही. कनेक्शन पूल एकाच नावानं चालू दे. पण दर वेळी कनेक्शन हातात घेताना, हे काम अमुक व्यक्तीसाठी चाललंय, हे ॲप्लिकेशननं डेटाबेसला सांगावं. ‘ॲप’ या पाहुण्याला हजेरीच्या मूळ तक्त्यात बदलायची आणि पुसायची मुभा देऊच नये, फक्त भर घालायची द्यावी. चूक दुरुस्त करायची तर नवी रांग: आधी किती, आता किती, कुणी, केव्हा, का. आपले मुनीमजी रोजकीर्दीत हेच करायचे. चुकलेली रक्कम खोडण्याऐवजी उलट नोंद घालायचे.

रिलेशनल डेटाबेसला तर ही नीती जन्मापासून येते. फॉरेन की म्हणजे दुसरं काय? अस्तित्वात नसलेल्या कामगाराच्या नावे हजेरी लिहायला गेलात, तर डेटाबेस ती रांग घेत नाही. अनाथ नोंद त्याला चालत नाही. तोच नियम बदलालाही लावा: बदलणारा कोण हे रिकामं ठेवता येणार नाही, आणि तो माणसांच्या तक्त्यातला खराखुरा माणूस असला पाहिजे. आणि शेवटचं, सगळ्यात स्वस्त: ज्याचे तास बदलले त्याच्या मोबाइलवर मराठीत किंवा हिंदीत एक मेसेज. चौदा तारखेचे तास बारावरून आठ केले, कुणी केले, कारण काय, हरकत असल्यास सात दिवसांत कळवा.

*

यानं सगळं सुटेल? नाही. टाइम ऑफिसातल्या क्लार्कनं मला हळूच एक गोष्ट विचारली: ‘मॅडम, माझं नाव येईल. पण मला फोनवर ज्यानं सांगितलं, त्याचं येईल का?’

तोंडी हुकूम कोणत्याही तक्त्यात येत नाही. नाव नोंदवायला लागलं की पंधरा-अठरा हजारांवरचा माणूस पकडला जाण्याची आणि वरचा सुटण्याची शक्यता खरी आहे. होरायझनमध्येही सगळ्यात आधी सगळ्यात खालचे पकडले गेले. म्हणून ‘कुणाच्या सांगण्यावरून’ हा रकाना ‘कुणी’इतकाच गरजेचा. आणि वरच्यानं स्वतःच्या लॉगिननं मंजुरी दिल्याशिवाय बदल उतरू नये, मंडळ अधिकाऱ्याशिवाय फेरफार उतरत नाही तसा. क्लार्कला यामुळे एक वाक्य मिळतं, जे आज त्याच्याकडे नाही: ‘साहेब, सिस्टीम घेत नाही, तुमची मंजुरी लागते.’ सिस्टीमच्या आडून आजवर वरचे बोलत आले. एखाद वेळी खालच्यालाही तो आडोसा मिळू दे.

कोणता रकाना रिकामा ठेवता येईल, हा प्रश्न परीक्षेत दोन मार्कांचा असतो. एमआयडीसीत तो कुणाला उत्तर मागता येईल आणि कुणाला देणं टाळता येईल, हे ठरवतो. आणि तो बहुतेक वेळा विशीतला कुणीतरी ठरवतो, रात्री उशिरा, डेडलाइनच्या आदल्या दिवशी, कुणी न सांगता. हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण उद्या त्या खुर्चीत असतील. ‘रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं’ हे तेव्हा खरं असेल. पण बदनापूरच्या माणसाला कुणी रिक्वायरमेंट विचारायला गेलेलंही नसतं.

त्या मिलनं नवा तक्ता मान्य केला. ‘बदलणारा’ सक्तीचा झाला, पाचही जणांचे लॉगिन वेगळे झाले, मॉनिटरवरची चिठ्ठी निघाली. ‘कारण’ आणि ‘कुणाच्या सांगण्यावरून’ हे दोन रकाने मात्र ऐच्छिक ठेवा, असा निरोप आला आहे. आणि कामगाराला मेसेज पाठवायचा मुद्दा पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले. मी दोन्ही रकाने सक्तीचे करून तपासणीसाठी पाठवले आहेत, सोबत चौदा तारखेची ती रांग जोडून. बैठकीची तारीख अजून आलेली नाही.